ठणका थांबल्यानंतर

अकोटकडचे एक शेतकरी. वय पंचेचाळीसच्या आसपास. शेगावची पायी वारी करून घरी आले, आंघोळ केली, जेवले आणि पाठ टेकताच झोपले. रात्री अडीच वाजता उजव्या पायाच्या अंगठ्यात कुणीतरी तापलेली सळई खुपसावी तसे उठून बसले. सकाळी अंगठ्याचं बूड लाल झालं होतं, कातडी कांद्याच्या सालीसारखी ताणून तुकतुकीत झाली होती. चालून पाय सुजला असेल, असं सगळ्यांनाच वाटलं. कुणी हळदीचा लेप घातला, कुणी तेल चोळायला बसलं. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या. दहा-बारा दिवसांत अंगठा होता तसा झाला आणि घर ती गोष्ट विसरलं.

दोन वर्षांत असं चारदा झालं, तेव्हा ते माझ्यासमोर आले. "पायावर पांघरूण पडलं तरी जीव जाते, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. हातात युरिक ॲसिडचा रिपोर्ट होता, आकडा ९ च्या वर. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी तुरीचं वरण सोडलं होतं, टमाटे सोडले होते, पालक सोडली होती. "आता काय सोडू, सांगा."

हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून लिहायला घेतलं. लिहिता लिहिता कळलं की प्रश्नच बदलायला हवा. गेल्या कित्येक वर्षांत अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यातले गाऊटचे रुग्ण पाहताना मी जे शिकलो, त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की माणूस ठणका असताना डॉक्टरकडे येतो आणि खरा उपचार ठणका थांबल्यावर सुरू करायचा असतो. नेमका तेव्हा तो येत नाही. आम्हीही त्याला बोलावत नाही.

या दुखण्याला आपल्याकडे नेमकं नाव राहिलेलं नाही. कुणी वात म्हणतं, कुणी संधिवात, कुणी आमवात, कुणी नुसतंच 'माह्यं युरिक ॲसिड वाढलं'. नावांची ही सरमिसळ निरुपद्रवी नाही. आमवात वेगळा, म्हातारपणी गुडघे झिजतात ते वेगळं, आणि गाऊट या सगळ्यांहून वेगळा. तिघांची औषधं वेगळी आहेत. चुकीचं नाव घेऊन फिरणारा रुग्ण चुकीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खातो.

खरं तर जुन्या वैद्यकात याच्या फार जवळ जाणारं नाव होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला एकोणतिसावा अध्याय वातशोणितावर, म्हणजे वातरक्तावर आहे. त्यातलं सगळंच वर्णन गाऊटला लागू पडतं असं मी म्हणणार नाही. त्या एका नावाखाली आजचे दोन-तीन आजार येत असावेत. पण हातापायांच्या सांध्यांपासून सुरुवात, आग, ठणका, आधी वरवरचा आणि मग खोल जाणारा आजार, हे सारं तिथे आहे. गोडधोड सुखाने खाणाऱ्या आणि चालणं-फिरणं नसलेल्या माणसांना हा होतो, हेही तिथे आहे. याचं आणखी एक नाव आढ्यवात. आढ्य म्हणजे श्रीमंत. युरोपातही याला राजेरजवाड्यांचा रोग म्हणत. आज माझ्या बाकावर एसटीचे ड्रायव्हर बसतात, गुरुजी बसतात, अडतीवरचे हमाल बसतात, दोन एकरवाले शेतकरी बसतात. आजार गरिबाघरी पोचला आणि नाव श्रीमंतीचं राहिलं. त्यामुळे 'आपल्याला कसा होईल' या समजुतीत पहिली चार-पाच वर्षं वाया जातात.

१८५४ साली लंडनमध्ये आल्फ्रेड बॅरिंग गॅरॉड नावाच्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती केली. गाऊटच्या रुग्णाचं थोडं रक्त घेतलं, त्यातला पिवळसर पातळ भाग पसरट काचेच्या बशीत ओतला, त्यात थोडं ॲसिटिक ॲसिड टाकलं आणि लिननचा एक धागा त्यात सोडून बशी एक-दोन दिवस तशीच ठेवली. धाग्यावर बारीक स्फटिक चढले, खडीसाखर दोऱ्यावर चढते तसे. ते युरिक ॲसिडचे होते. निरोगी माणसाच्या रक्तात धागा कोराच राहिला. लिनन जवसाच्या खोडापासून निघतं. आपल्या वऱ्हाडात जवस पेरतात ते तेलासाठी आणि चटणीसाठी, पण त्याच झाडाच्या धाग्याने वैद्यकाला डोळ्यांनी दिसेल असं दाखवलं की या आजाराचं मूळ अंगठ्यात नसून साऱ्या अंगातून फिरणाऱ्या रक्तात आहे. मी हा प्रयोग रुग्णांना नेहमी सांगतो. आकड्यांपेक्षा तो धागा त्यांच्या लक्षात राहतो.

धाग्यावर जे घडलं तेच सांध्यात घडतं. युरिक ॲसिड हा कचरा आहे. आपल्याच पेशी मरतात, नव्या होतात, त्यातून त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग तयार होतो. अन्नातून येतो तो उरलेला. बहुतेक प्राण्यांमध्ये हा कचरा पुढे विरघळवून टाकणारं एन्झाइम असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावलं. म्हणून आपण सगळेच काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखे आहोत. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत ते विरघळून राहतं, त्यापुढे स्फटिक धरू लागतं. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, थंड, आणि दिवसभर रगडला जाणारा. स्फटिक आधी तिथेच बसतात. सांध्यातल्या पाण्याचा थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ते दिसतात: टोकदार सुया, एका दिशेने पिवळ्या, काचपट्टी फिरवली की निळ्या. इतकी सुंदर वस्तू इतकी वेदना देते याचं मला अजून नवल वाटतं.

सुया मात्र सांध्यात वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहू शकतात. आग लागते ती शरीराच्या पहारेकऱ्यांमुळे. पांढरी पेशी सुईला गिळायला जाते, तिच्या आत धोक्याची घंटा वाजते आणि इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा निरोप बाहेर सुटतो. त्या निरोपावर लाखो पेशी धावून येतात. सूज, लाली, ताप, ठणका ही त्या धावाधावीची खूण. ही घंटा कुठली, हे स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या युर्ग चॉप यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिलं.

आता या आजारातली सर्वांत फसवी बाब. ही आग आपोआप विझते. काहीही केलं नाही तरी साधारण एक ते दोन आठवड्यांत झटका ओसरतो. म्हणून लेपाला यश येतं, चोळण्याला येतं, आठवडी बाजारातल्या बिननावाच्या पुडीलाही येतं. त्या पुड्यांत काही वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. सूज झर्रकन उतरते आणि साखर चढते. दुसरी फसवणूक रिपोर्टची. ऐन झटक्यात युरिक ॲसिडचा आकडा कधी कधी खाली येतो, 'नॉर्मल' दिसतो, आणि रुग्णाला गाऊट नाही असं सांगून घरी पाठवलं जातं. तपासणी झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करायला हवी.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एक गृहस्थ सुजलेला घोटा घेऊन आले. गाऊट ओळखला, गोळ्या दिल्या, पाच दिवसांत ते हसत परत गेले. मी त्यांचा रक्तदाब त्या दिवशी मोजला नाही. साखर पाहिली नाही. दीड महिन्याने त्यांच्या मुलाचा फोन आला: बाबांना हार्ट अटॅक आला. ते वाचले, पण तो फोन मी विसरलो नाही. त्या वेळी दोन गोष्टींचा संबंध मला सुचला नव्हता. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी गाऊटच्या ६२,५७४ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं की ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला, त्यांच्यात आधीच्या दोन महिन्यांत गाऊटचा भडका उडालेला असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीय जास्त होतं. सांध्यातली आग सांध्यापुरती राहत नाही. ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचते.

याहून बोलका पुरावा २०१७ च्या एका औषधचाचणीने दिला. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांत, वर सांगितलेला इंटरल्युकिन-१ बीटाचा निरोपच अडवणारं इंजेक्शन देऊन पाहिलं. नवे झटके कमी झाले. त्याच लोकांत गाऊटचे भडकेही निम्म्याहून कमी झाले, आणि रक्तातलं युरिक ॲसिड मात्र होतं तेवढंच राहिलं. ते इंजेक्शन आपल्या रुग्णांच्या आवाक्यातलं नाही. पण त्याने दाखवलेली वाट ओळखून ठेवावी अशी आहे: अंगठा आणि हृदय एकाच निरोपाला उत्तर देतात.

मग युरिक ॲसिड मुळात वाढतं कशाने? जास्त खाल्ल्याने, असं सगळे म्हणतात. गाऊटच्या सुमारे दहातल्या नऊ रुग्णांत मात्र अडचण बाहेर टाकण्याची असते. मूत्रपिंड ते गाळून पुन्हा आत ओढतं. आणि मूत्रपिंडाला असं करायला लावणाऱ्यांत इन्शुलिन पुढे आहे. पोटावर चरबी साठली, यकृतात चरबी उतरली, की शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओततं, आणि ते वाढलेलं इन्शुलिन मूत्रपिंडाला युरिक ॲसिड धरून ठेवायला सांगतं. म्हणून गाऊट, रक्तदाब, मधुमेह, चरबीचं यकृत ही भावंडं एकाच घरात नांदतात. अमेरिकेतल्या २००७-०८ च्या राष्ट्रीय पाहणीत गाऊट असलेल्या शंभरांपैकी ७४ जणांना उच्च रक्तदाब होता, ५३ स्थूल होते, २६ जणांना मधुमेह होता.

'पण मी कुठे जाड आहे?' हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो. हातपाय काटक्या, आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली. या देहयष्टीचं कोडं आपल्याच मराठी मुलखात उलगडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याआधी, १९९३ पासून, पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने आयांची आणि बाळांची जी मोजमापं केली, त्यांत हे वेगळेपण जन्मतःच दिसलं: बाळ वजनाने कमी, पण चरबी राखून असलेलं. वऱ्हाडातला कापूस वेचणाऱ्या मायबाईचा मुलगा आज अमरावतीत खुर्चीवर बसून नोकरी करतो, तेव्हा तो हाच वारसा घेऊन बसलेला असतो. वजनकाटा त्याला सावध करत नाही. कंबर करते.

त्यात आपली हवा आणि आपलं पाणी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ च्या पुढे जातो, अंगातलं पाणी आटतं, रक्तातला कचरा दाट होतो. उष्ण आणि कोरड्या दिवसांत गाऊटचे झटके वाढतात, हे अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासातही दिसलं आहे. आपल्याकडे तर लग्नसराई त्याच महिन्यात. उन्हात वरात, पंगतीत जिलेबी, रात्री मटण, काहींच्या हाती बिअर, आणि पाणी दिवसभरात दोन ग्लास. मे-जूनमध्ये माझा बाक अंगठ्यांनी भरतो. शेगावच्या वारीचंही असंच: तासन् तास चालून अंगठ्याला बसलेले बारीक मार आणि घामाने आटलेलं अंग. वारी करू नये असं मी कुणालाही सांगत नाही. वाटेत पाणी पीत जा, इतकंच सांगतो.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हा वेगळा आणि जड विषय आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत विहिरीचं पाणी खारट. किडनीचे रुग्ण फार असल्याचं गावकरी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. शरीरातलं दोन तृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडातून बाहेर जातं. ते मूत्रपिंडच थकलेलं असेल तर गाऊट येणार, आणि गाऊटसाठी महिनोन् महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या उरलेलं मूत्रपिंडही खाणार. त्या गावांतून आलेल्या रुग्णाला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, पाहिल्याशिवाय दुखण्याची गोळी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हा भाग पुस्तकात मी जरा रागाने लिहिला आहे. तो तसाच राहू दिला.

आता वरण. तुरीच्या डाळीत प्युरिन, म्हणजे ज्यापासून युरिक ॲसिड बनतं ते द्रव्य, असतं हे खरं. पण २००४ मध्ये ह्योन चोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो पुरुषांवरचा बारा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला; प्युरिन असलेल्या भाज्यांनी वाढला नाही; आणि दूधदुभतं, विशेषतः कमी स्निग्धांशाचं, खाणाऱ्यांत तो कमी झाला. ज्या अकोल्यात डाळमिल आहेत, जिथल्या जेवणाचा कणा वरण आहे, तिथल्या गरीब माणसाचं प्रथिन काढून घेणं हा उपचार नव्हे. त्या शेतकऱ्यांना मी वरण परत दिलं, पालक परत दिली, आणि जेवणानंतर पातळ ताक सांगितलं. टमाट्याने एखाद्याला खरंच त्रास होत असेल तर त्याने तो टाळावा, सगळ्यांनी नाही. काढून घेतलं ते दुसरंच: दिवसाचे सहा कप गोड चहा आणि बाटलीतलं थंड सरबत. साखरेतलं फ्रुक्टोज यकृतात फुटताना थेट युरिक ॲसिड तयार करतं. वरुड-मोर्शीचा संत्रा एक सोलून चावून खाल्ला तर पोट भरतं. रसाच्या एका ग्लासात चार-पाच संत्री चोथा टाकून जातात. आपल्या अभिमानाच्या फळाबद्दल हे लिहिताना मला सुख होत नाही, पण रस वेगळा आणि फळ वेगळं. कडक उपासही जपून. निर्जळी उपवासात आणि झपाट्याने वजन उतरवताना युरिक ॲसिड चढतं, आणि श्रावणात अंगठे पुन्हा पेटतात.

इतकं सगळं पाळूनही आकडा साधारण एकाने उतरतो. ९ चा ८ झाला तरी स्फटिक विरघळत नाहीत. तो सहाच्या खाली आणून वर्षानुवर्षं तिथेच ठेवावा लागतो, आणि त्यासाठी बहुतेकांना औषध लागतं. औषधांची प्रकरणं मी मोठी केली आहेत, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. मेळघाटात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, गाऊटच्या झटक्यावरचं जुनं औषध. कंद जीवघेणा विषारी आहे, तो उगाळून कुणीही घेऊ नये. गोळीत तेच द्रव्य मिलिग्रॅमच्या अंशात मोजून येतं. हेच कोल्चिसिन रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन हृदयरोग्यांनाही फायदा होतो, असं २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत दिसलं. २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत तो दिसला नाही. वाद चालू आहे, आणि पुस्तकात मी दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

युरिक ॲसिड उतरवणारं मुख्य औषध ॲलोप्युरिनॉल, गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं. दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. ते १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवायचं असतं. अंगावर पुरळ आलं तर त्याच क्षणी बंद करून डॉक्टर गाठायचा. आणि एक गोष्ट आधीच सांगायची असते, जी बहुतेक वेळा कुणी सांगत नाही: पहिल्या काही महिन्यांत स्फटिक विरघळताना सुटे होतात आणि अंगठा पुन्हा पेटतो. रुग्णाला वाटतं गोळीनेच दुखणं वाढवलं. तो गोळी फेकून देतो. तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनची लहान मात्रा ठेवली तर हा काळ निभतो. नॉटिंगहॅममध्येच २०१८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला प्रशिक्षित परिचारिकांनी आजार नीट समजावून सांगितला, शंका ऐकल्या, मात्रा वाढवत नेली. दुसऱ्या गटाची नेहमीप्रमाणे डॉक्टरांनी काळजी घेतली. दोन वर्षांनी परिचारिकांच्या गटातल्या ९५ टक्के लोकांचा आकडा लक्ष्याखाली होता, डॉक्टरांच्या गटात ३० टक्के. औषध तेच होतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर आणि गावोगावच्या आशाताई हे काम करू शकतील असं मला मनापासून वाटतं, आणि या पुस्तकाचा शेवटचा भाग मी त्यांच्याचसाठी लिहिला आहे.

पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस एक रिकामा तक्ता आहे. त्यात तारीख, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड आणि कंबर लिहायची. मोजपट्टी नसेल तर सुतळी घ्यावी. टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीएवढी कापावी, मधोमध दुमडून अर्धी करावी, आणि ती अर्धी सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती न ओढता गुंडाळून पाहावी. टोकाला टोक लागलं तर बरं.

अकोटचे ते शेतकरी आता चार महिन्यांनी एकदा येतात. युरिक ॲसिड ५.४ आहे, सव्वा वर्षात एकही झटका नाही, या वर्षीची वारी झाली. मागच्या खेपेस त्यांनी खिशातून घडी केलेली सुतळी काढली आणि माझ्यासमोर शर्ट वर करून पोटाला लावली. दोन टोकांमध्ये अजून चार बोटांचं अंतर आहे. पहिल्यांदा मोजलं तेव्हा वीतभर होतं. "हे राहू द्या तुमच्याजवळ," मी माझी मोजपट्टी पुढे करत म्हणालो. "कायले?" ते म्हणाले, "सुतळी हाय ना," आणि घडी घालून ती पुन्हा खिशात ठेवली.